पैसे घेताना पिन कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वापरलेला सोफा, मोबाइल, दुचाकी असे काहीतरी ऑनलाइन विकायला काढले आणि विकणाऱ्याच्याच खात्यातले पैसे गेले, अशा बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. बातमीत रक्कम असते, पोलीस ठाण्याचे नाव असते आणि 'क्यूआर कोड पाठवून गंडा घातला' एवढे एक वाक्य असते. पैसे घ्यायला बसलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे बाहेर कसे पडले, त्याने नेमके काय दाबले, हे मात्र बहुधा नसते. मग वाचणारा 'आपण काही इतके भोळे नाही' म्हणून पान उलटतो. बँकांच्या डिजिटल व्यवहारांचे आणि त्यांवरच्या तक्रारींचे काम पाहणारे आम्ही काही जण आहोत. फसवणुकीची रीत आणि ती टाळायचा मार्ग जरा तपशिलात लिहितो आहोत. पत्र लांबले आहे. गरज वाटल्यास दोन भागांत छापावे.

वस्तू विकत घेणारा सावध असतो, कारण पैसे त्याचे जायचे असतात. विकणाऱ्याला वाटते, आपले काय जाणार? फार तर वस्तू. वस्तू तर अजून घरातच आहे. भामट्याचा सगळा डाव या निश्चिंतीवर उभा असतो.

यूपीआय २०१६ साली सुरू झाले तेव्हापासून एक गोष्ट तशीच आहे. ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याला ते मिळवण्यासाठी काहीही करावे लागत नाही. त्याचा फोन बंद असो, इंटरनेट नसो, तो झोपलेला असो, पैसे खात्यात जमा होतात. देणाऱ्याला फक्त मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी पुरतो. तेही नको असेल तर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. पिन लागतो तो पैसे देताना, शिल्लक पाहताना आणि ऑटोपेसारख्या पुढच्या वजावटीला मंजुरी देताना. त्यामुळे 'पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाका' असे कोणी म्हटले की बोलणे तिथेच संपवावे. समोरचा फसवतो आहे की त्याचा गैरसमज झाला आहे, याचा शोध घेत बसण्याचे कारण नाही.

'पिन टाकू नका' एवढाच सल्ला आता अपुरा पडतो. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयमध्ये पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरण्याची सोय आली आहे. जिथे ती चालू केलेली आहे तिथे फोनवर बोट टेकवणे म्हणजेच पिन टाकणे. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे छोट्या रकमांसाठी ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवायच्या पाकिटात, तर १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवायच होतो. त्या पाकिटात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात, म्हणून तोटा मर्यादित, पण 'मी तर पिन टाकलाच नाही' म्हणणाऱ्याचे पैसे जातात ते असे. विकणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते हे, की पैसे येत असताना आपल्या फोनवर आपण काहीच करायचे नसते. स्कॅन नाही, क्लिक नाही, मंजुरी नाही.

आता क्यूआर कोडचे पाहू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच आहे. यूपीआयचा नेहमीचा क्यूआर उलगडला तर आत मजकुराची एक ओळ निघते. तिच्या सुरुवातीला 'यूपीआय पे' असते. पुढे 'पीए' म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचा आयडी, 'पीएन' म्हणजे त्याचे नाव, 'एएम' म्हणजे रक्कम आणि 'टीएन' म्हणजे शेरा. बस, इतकेच. पत्ता लिहिलेल्या पाकिटासारखा हा कोड असतो, आणि पाकिटावर पत्ता घेणाऱ्याचाच असतो. कोड ज्याने पाठवला त्याच्याकडे किंवा त्याच्या साथीदाराकडे पैसे जातात. स्कॅन करणाऱ्याच्या खात्यात पैसे आणून टाकणारा कोड, असा प्रकारच त्यात नाही.

मग लोक फसतात कशाने? शेऱ्याने आणि चित्राने. 'टीएन'च्या जागी काय लिहायचे हे कोड बनवणाराच ठरवतो. तो तिथे 'रिसीव्ह पेमेंट १५०००' किंवा 'रिफंड अप्रूव्ह्ड' असे लिहून ठेवतो. कोड स्कॅन केला की ॲपच्या पडद्यावर रक्कम आधीच भरलेली दिसते आणि तिच्याखाली हा शेरा दिसतो. घाईतल्या माणसाला तो ॲपने दिलेला संदेश वाटतो. शिवाय कोडच्या चित्राभोवती बँकेचे बोधचिन्ह, वस्तूच्या जाहिरातीतलाच फोटो आणि 'स्कॅन टू रिसीव्ह' ही अक्षरे जोडलेली असतात. ती फक्त चित्राची सजावट. व्यवहाराशी तिचा संबंध नाही. पडद्यावर वाचायचे ते दोनच ठिकाणी: खालच्या बटणावर 'पे' आहे का, आणि वर नाव कोणाचे आहे. पूर्वी कोडमध्ये भरलेले नावच अनेकदा दिसायचे, त्यामुळे कुणीही स्वतःला काहीही म्हणवून घेत असे. ३० जून २०२५ पासून पैसे ज्याच्या खात्यात जाणार त्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवणे ॲपना बंधनकारक झाले आहे. 'मेजर अमुक' म्हणवणाऱ्याच्या कोडवर भलतेच नाव येते ते त्यामुळेच. पण ते वाचले तर!

याआधी 'कलेक्ट रिक्वेस्ट' हा प्रकार सर्रास चालायचा. भामटा पैसे मागण्याची विनंती पाठवी, विकणारा ती पैसे आल्याची सूचना समजून पिन टाकी. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. निर्णय चांगलाच, थोडा उशिरा आला इतकेच. त्यानंतर भर आला तो क्यूआरवर आणि चॅटमध्ये येणाऱ्या पेमेंट लिंकवर. लिंकवर बोट लागले की आपलेच ॲप रक्कम भरून उघडते. काम क्यूआरचेच, फक्त स्कॅनरशिवाय. मँडेटची, म्हणजे पुढे आपोआप होणाऱ्या वजावटीची, मंजुरी मागणे हा आणखी एक प्रकार. ती दिली की पैसे लगेच जात नाहीत, नंतर वजा होतात, आणि म्हणून धोका लक्षात यायला वेळ लागतो. ॲपमधल्या ऑटोपे किंवा मँडेटच्या यादीत एकदा डोकावून अनोळखी नोंद असेल तर रद्द करावी.

भामट्याच्या फोनचे एक ठरलेले वळण आहे. जाहिरात टाकल्यानंतर काही मिनिटांतच फोन येतो. वस्तूबद्दल प्रश्न जवळजवळ नसतात, घासाघीस मुळीच नसते. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, वस्तू न्यायला माझा माणूस येईल, पैसे आत्ताच पाठवतो.' विश्वास बसावा म्हणून गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर येते. ते बहुधा दुसऱ्याच कुणाचे चोरलेले असते. मग सांगितले जाते की लष्कराच्या खात्याची पद्धत उलटी आहे, आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, दहा परत येतील. आणि दहा रुपये खरोखर येतात! या पाच रुपयांच्या नफ्यावर पुढचे सगळे उभे राहते. पुढचा कोड ५,००० चा असतो. ते जातात आणि परत येत नाहीत. तेव्हा फोनवरचा माणूस रागावत नाही, काळजीच्या सुरात म्हणतो, 'सर्व्हरमध्ये अडकले, आणखी एकदा स्कॅन करा, दोन्ही मिळून परत येतील.' अशा तक्रारींत खात्याचा उतारा पाहिला तर बहुधा एकच मोठी रक्कम नसते. पाच-दहा मिनिटांच्या अंतराने गेलेल्या तीन-चार रकमा असतात. पहिली रक्कम गाफीलपणात जाते, बाकीच्या ती परत मिळवण्याच्या धडपडीत. म्हणून पहिले पैसे गेल्याचे कळताच फोन ठेवणे, अगदी वाक्य अर्धवट तोडून ठेवणे, हाच मोठा बचाव आहे.

जवानाचे बँक खाते तुमच्या-आमच्या खात्यासारखेच असते. खासगी खरेदीसाठी 'आर्मी पेमेंट' नावाची वेगळी व्यवस्था नाही. लष्कराचे नाव वापरतात ते त्या गणवेशावर आपला विश्वास आहे म्हणून. नाव उद्या डॉक्टरचे असेल, परवा शाळेच्या मुख्याध्यापकाचे.

दुसरा मोठा वर्ग खोट्या पुराव्यांचा. इथे खात्यातून पैसे जात नाहीत, वस्तू जाते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बनवणे हे दोन मिनिटांचे काम आहे. हुबेहूब पेमेंट ॲपसारखी दिसणारी, नाव आणि रक्कम टाकली की हिरवी खूण आणि आवाजासह 'पेमेंट सक्सेसफुल' दाखवणारी बनावट ॲपेही फिरतात. म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाने त्याच्या फोनवर डोळ्यांदेखत पैसे पाठवले, हाही पुरावा नव्हे. एसएमएसही खोटा येतो. बँकेचा खरा संदेश दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो अक्षरी शीर्षकावरून, म्हणजे नंबराच्या जागी दिसणाऱ्या नावावरून, येतो आणि २०२५ पासून त्या शीर्षकाच्या शेवटी एक अक्षर असते, व्यवहाराच्या संदेशाला 'टी', सेवेच्या संदेशाला 'एस', जाहिरातीला 'पी', सरकारी संदेशाला 'जी'. हे ओळखता आले तर चांगलेच. पण संदेशावर निर्णय घेऊच नये. छोट्या रकमांचे एसएमएस काही बँका पाठवत नाहीत, आणि खरा संदेश उशिरानेही येऊ शकतो.

पाहायचे ते आपले खाते, आपल्या फोनवर, आपण स्वतः उघडून. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये उताऱ्यातली शेवटची नोंद पाहावी. तिथे रक्कम जमेच्या बाजूला आहे का, पाठवणाऱ्याचे नाव काय, आणि यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक समोरच्याने सांगितलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे तीन मुद्दे. नुसती शिल्लक पाहणे पुरेसे नाही. त्याच वेळी दुसरीकडून काही जमा झाले असेल तर घोळ होतो. नोंद दिसत नसेल तर पैसे आलेले नाहीत. 'माझ्याकडून कटले आहेत' हे खरे असले तरीही. यूपीआयमध्ये कधी कधी देणाऱ्याचे पैसे वजा होतात आणि घेणाऱ्याला मिळत नाहीत. व्यक्तीकडून व्यक्तीला होणाऱ्या व्यवहारात अशी रक्कम पुढच्या दिवसापर्यंत देणाऱ्याला आपोआप परत जावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. तेव्हा खरा ग्राहक अडकला असेल तर त्याचे नुकसान होत नाही. त्याने उद्या यावे, वस्तू राखून ठेवू, असे सांगायला संकोच कशाला?

'आज रविवार, बँक बंद, पैसे उद्या दिसतील' ही सबब तर आता बाद झाली आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास चालते. एनईएफटीच्या दर अर्ध्या तासाने तुकड्या सुटतात आणि तुकडीचा हिशेब झाल्यापासून दोन तासांत पैसे जमा व्हायला हवेत. यूपीआय आणि आयएमपीएस तर लगेचचे. २ लाखांखालच्या रकमेचे 'आरटीजीएस केले' असे कोणी सांगितले तर तेही खोटे, कारण आरटीजीएसची किमान मर्यादाच २ लाख आहे.

चेकबद्दल थोडेच. चेक भरल्याची पावती म्हणजे पैसे नव्हेत. चेक वटून रक्कम काढण्याजोगी झाल्याशिवाय गाडीची किल्ली देऊ नये. चेक परत आलाच, तर परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार, हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा क्रम. तारखा चुकल्या की हक्क अडचणीत येतो. पण बनावट नावाच्या माणसाला नोटीस पाठवायची कुठे?

आता एक असा प्रकार, ज्यात पैसे खरेच येतात. ठरल्यापेक्षा जास्त आले, 'चुकून एक शून्य जास्त पडले, वरचे परत पाठवा' असा फोन येतो. पुष्कळदा पैसे आलेलेच नसतात, खोटा एसएमएस असतो. तो धोका सोपा, खाते पाहिले की उलगडतो. अवघड धोका पैसे खरे असण्यात आहे. ते पैसे भामट्याचे नसतात, त्याने फसवलेल्या दुसऱ्याच कुणाचे असतात. त्या माणसाने तक्रार केली की पैशांच्या वाटेवरची सगळी खाती सायबर पोलिसांच्या नजरेत येतात. बँक त्या रकमेवर होल्ड लावते, कधी कधी सगळे खातेच गोठते, आणि पगार, हप्ते, वीजबिल सारे अडकते. विकणाऱ्याची वस्तू गेलेली, पैसे अडकलेले आणि वर 'हे पैसे कशाचे' याचे उत्तर द्यायचे. अशा वेळी आलेले जास्तीचे पैसे फोनवर सांगितलेल्या दुसऱ्या खात्यावर कधीही पाठवू नयेत. तसे केले तर आपण चोरीच्या पैशांना पुढची वाट करून दिली असे होते. आपल्या बँकेला लेखी कळवावे, संदर्भ क्रमांक द्यावा आणि ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात ते बँकेमार्फत परत जावेत असे म्हणावे.

याच कारणासाठी घेणारा एक आणि पैसे भलत्याच्या खात्यातून, हे मान्य करू नये. 'मेहुण्याच्या खात्यातून टाकतो' हे ऐकायला साधे वाटते. खरेही असू शकते. पण वस्तू नेणाऱ्याचे ओळखपत्रावरचे नाव आणि जमा नोंदीतले नाव जुळावे, हा आग्रह धरावा. महागडी वस्तू असेल तर साध्या कागदावर विक्रीची पावती करावी: तारीख, वस्तूचे वर्णन, मोबाइलचा आयएमईआय किंवा गाडीचा चॅसिस क्रमांक, रक्कम, संदर्भ क्रमांक, दोघांची नावे आणि सह्या. जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. खाते गोठलेच, तर ते मोकळे करून घेताना हाच कागद कामी येतो.

मध्यस्थाचा डाव हा आम्हाला सर्वांत चलाख वाटतो, कारण त्यात दोन्ही प्रामाणिक माणसे एकमेकांना चोर समजतात. तुम्ही दुचाकीची जाहिरात टाकता. भामटा तेच फोटो उचलून कमी किमतीची दुसरी जाहिरात टाकतो. तुम्हाला सांगतो, 'माझा चुलतभाऊ गाडी पाहायला येईल, त्याच्याशी किमतीचे बोलू नका, आमचा घरगुती हिशेब आहे.' खऱ्या खरेदीदाराला सांगतो, 'गाडी माझ्या मेहुण्याकडे उभी आहे, जाऊन पाहा, पैशांचे त्याच्याशी बोलू नका, तो उगाच भाव वाढवेल.' खरेदीदार येतो, गाडी चालवून पाहतो, पसंत करतो आणि तिथेच उभा राहून भामट्याच्या खात्यावर पैसे टाकतो. तुम्हाला भामट्याकडून खोटा स्क्रीनशॉट येतो. खरेदीदार किल्ली मागतो, तुम्ही पैसे मागता, आणि दोघांनाही भामट्याचा फोन लागत नाही. यावर उपाय अगदी सोपा आहे. दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारावा: तुम्हाला किंमत किती सांगितली आहे आणि पैसे कोणाला देणार आहात? 'किंमत बोलू नका' ही अट हीच या डावाची खूण.

कुरिअरच्या नावाचे प्रकार अनेक आहेत, मुळात एकच. खरेदीदार म्हणतो, पैसे कुरिअर कंपनीकडे जमा केलेत, या लिंकवर माहिती भरा म्हणजे मिळतील. लिंकवर कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे आणि ओटीपी मागतात. पैसे मिळण्यासाठी यातले काहीच लागत नाही. कुठे 'विमा' किंवा 'जीएसटी'ची परत मिळणारी रक्कम आधी भरायला सांगतात. कुठे एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, धाडतात. ती फोनमध्ये टाकली की फोनमधले एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसरीकडे पोहोचतात. कुठे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे पडदा दाखवणारे ॲप घ्यायला लावतात. ही ॲपे स्वतः वाईट नाहीत, पण अनोळखी माणसाला पडदा दाखवायचा म्हणजे ओटीपीही दाखवायचा. आणि कुठे, 'डिलिव्हरी बॉयशी जोडून देतो' म्हणून स्टार-२१-स्टार आणि पुढे एक मोबाइल नंबर डायल करायला सांगतात. तसे केले की आपले कॉल त्या नंबरकडे वळतात, आणि बँकेचा ओटीपीचा कॉलही तिकडे जातो. चुकून केलेच असेल तर ##००२# डायल करून सगळे फॉरवर्डिंग रद्द करावे.

विक्रीसाठी खाते वेगळे ठेवणे फार उपयोगी. ज्यात पगार, पेन्शन किंवा ठेवीचे व्याज येते ते खाते यूपीआयला जोडलेच पाहिजे असे नाही. थोडी शिल्लक असलेले दुसरे बचत खाते जोडावे. पैसे आले की मुख्य खात्यात वळवावेत. अनेक बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी करता येते. एरवी ती सर्वसाधारणपणे १ लाख असते. आपल्याला रोज एवढी लागते का? बोलणी साइटच्या चॅटवरच ठेवावीत. व्हॉट्सॲपवर नेण्याची घाई समोरच्यालाच असते, कारण साइटवर त्याचे खाते तक्रारींमुळे बंद होते. भेट दिवसा, वर्दळीच्या जागी. आधी खात्यात नोंद, मग वस्तू. हा क्रम माणूस कितीही सज्जन वाटला तरी बदलू नये. सज्जन माणसाला त्याचा राग येत नाही.

आणि तरीही पैसे गेले तर? १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर लगेच फिरवावा. इथे मिनिटे मोजली जातात, कारण चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात उड्या मारत एटीएमपर्यंत जातात. वाटेत कुठे अडवता आले तरच ते वाचतात. फोन करण्याआधी पुढ्यात हवे ते एवढे: आपला खाते क्रमांक आणि बँक, प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, वेळ, रक्कम, आणि पैसे गेले तो यूपीआय आयडी. प्रत्येक व्यवहाराचा, केवळ शेवटच्याचा नव्हे. त्याच बैठकीत बँकेच्या नंबरवर कळवून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार पूर्ण भरावी. बँकेचा नंबर सर्च करून शोधू नये. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो तोच घ्यावा. शोधात वर येणाऱ्या 'कस्टमर केअर' नंबरांवर भामट्यांचेच दुसरे दुकान चालू असते. 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन काही दिवसांनी येतो तोही त्याच दुकानातून.

बँक भरपाई देईल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारांबाबत ग्राहकाची जबाबदारी ठरवली आहे. त्रयस्थाने परस्पर पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गुप्त माहिती बाहेर गेली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. क्यूआरच्या प्रकरणात पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे बँका हा व्यवहार अधिकृतच धरतात आणि भांडण तिथेच अडते. म्हणून तक्रारीत खरे तेच लिहावे. 'आपोआप गेले' असे लिहिले आणि नोंदीत पिन दिसला की उरलेला विश्वासही जातो. कळवण्याची वेळ मात्र इथेही महत्त्वाची, कारण त्यानंतर गेलेल्या प्रत्येक रुपयाचे उत्तर बँकेला द्यावे लागते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क तक्रार करता येते.

पोलिसांत तक्रार 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून नाकारली जाते, असे अजूनही ऐकू येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मग तीन दिवसांत सही करायची. कलमे लागतात ती भारतीय न्याय संहितेचे ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ड.

शेवटी काही मागण्या, कारण सगळा भार ग्राहकाच्या हुशारीवर टाकणे आम्हाला पटत नाही. पेमेंट ॲपमध्ये भाषा मराठी निवडली तरी पिनच्या पडद्यावर मोक्याचे शब्द अनेकदा इंग्रजीच राहतात. 'तुमच्या खात्यातून इतके रुपये जातील' ही ओळ रकमेइतक्याच मोठ्या अक्षरांत, पिनच्या चौकटीच्या वर, निवडलेल्या भाषेत हवी. शेऱ्याचा मजकूर समोरच्याने लिहिलेला आहे, हेही तिथेच दिसायला हवे. जाहिरातीच्या साइट्सनी विक्रेत्याच्या चॅटमध्ये क्यूआरचे चित्र किंवा पेमेंट लिंक आली की ती दाखवण्याआधी इशारा द्यावा. हे तंत्राने सहज शक्य आहे. बँकांनी भामट्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या खात्यांवर अधिक कडक नजर ठेवावी, कारण अशी खाती मिळेनाशी झाली तर हा धंदा चालणार नाही.

आणि आपल्याकडे एक विनंती. अशी बातमी छापताना तिच्या शेवटी चौकटीत १९३० हा नंबर आणि फसवणुकीत पैसे नेमक्या कोणत्या पायरीवर गेले ते एका ओळीत द्यावे: क्यूआर स्कॅन करून, लिंकवर कार्ड भरून की खोट्या स्क्रीनशॉटवर वस्तू देऊन. तक्रारीच्या नोंदीत ही माहिती असते. वार्ताहराने विचारली तर मिळू शकेल.

आपले,
बँकिंग क्षेत्रातील काही वाचक